‘खात्रीशीर बातमी, लगेच पुढे पाठवा’: ड्रोन, बिबट्या आणि आपला गावचा ग्रुप

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा एसटीत बसल्यावर ज्यांची रेंज जाते-येते, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय.

ऑनलाइन सुरक्षा म्हटलं की आपल्याला ओटीपी, बँक, हॅकर असं काहीतरी आठवतं. तेही महत्त्वाचं आहेच. पण आज बोलायचंय गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. ज्या ग्रुपवर सकाळी सुविचार येतो, दुपारी कांद्याचा भाव येतो, आणि रात्री साडेदहाला अचानक येतं, ‘खात्रीशीर बातमी आहे, लगेच सगळ्यांना पाठवा.’ त्या एका मेसेजनं शिरूर आणि दौंड तालुक्यात काय काय होऊ शकतं, ते गेल्या दोन-तीन वर्षांत आपण बघितलंय.

ड्रोनच्या रात्री

२०२४ चे जून-जुलै आठवा. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, तिकडे आंबेगाव, जुन्नर. रात्री आकाशात दिवे दिसायचे आणि लोक घराबाहेर यायचे. चर्चा एकच: चोर ड्रोन उडवून घरांची टेहळणी करतात, आणि मग चोरी करतात. वस्त्यांवरची पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन रात्र-रात्र गस्त घालत होती. पोलिसांनी लोकांना आवाहन केलं, आणि विषय थेट विधिमंडळात पोहोचला.

आता शांतपणे विचार करू. साध्या कॅमेरा ड्रोनची बॅटरी साधारण अर्धा तास चालते. म्हणजे रात्रभर एकच ड्रोन घिरट्या घालतोय, हे जरा अवघड आहे. शिवाय विमानाच्या डाव्या पंखाला लाल आणि उजव्या पंखाला हिरवा दिवा असतो. लोहगावला येणारं-जाणारं विमान जर समोरून आपल्याच दिशेनं येत असेल, तर ते बराच वेळ एकाच जागी थांबल्यासारखं दिसतं. आणि ड्रोन म्हणजे चोराचंच हत्यार, असंही नाही. फवारणीला ड्रोन आहेत, लग्नाच्या शूटिंगला आहेत. गावठाणातल्या घरांचे नकाशे करण्याची जी स्वामित्व योजना आहे, तीही ड्रोननंच मोजणी करते. त्या ड्रोन मोजणीचा सुरुवातीचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता.

काही ठिकाणी खरंच कुणी ड्रोन उडवला असेल. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की एका वस्तीवर दिसलेला दिवा अर्ध्या तासात दहा गावांत ‘दिसतो’, तो आकाशातून फिरून नाही, ग्रुपमधून फिरून.

आणि इथं एक गोष्ट लगेच सांगतो. गस्त घालणारी पोरं वेडी नव्हती. आपल्याकडे घरं लांब-लांब आहेत, शेतात एकटी वस्ती असते, मोटारी आणि केबल चोरीला जातात. भीती खरी होती. अफवा नेहमी अशाच जागी रुजते, जिथं आधीपासून खरी भीती असते. म्हणून ‘अडाणी लोक अफवांवर विश्वास ठेवतात’ हे म्हणणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. शिकलेला माणूसही स्वतःच्या भीतीशी जुळणारी अफवा पटकन उचलतो.

पाचाचे पाच, पाचाचे पाच

मेसेज इतक्या वेगानं पसरतो कसा, हे एकदा हिशोबानं बघू. व्हॉट्सॲपवर एक मेसेज एका वेळी पाच चॅटना पाठवता येतो. तुम्ही पाच ठिकाणी पाठवला. त्या प्रत्येक ठिकाणी एकानं जरी तो पुढे पाच ठिकाणी पाठवला, तर झाले २५. मग १२५, मग ६२५, आणि पाचव्या पायरीला ३,१२५ चॅट. आपल्या दोन्ही तालुक्यांत मिळून एवढी गावं नाहीत! आणि यातलं एकेक चॅट म्हणजे एक माणूस असेलच असं नाही. एका ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत सदस्य असू शकतात.

एखादा मेसेज पाच किंवा जास्त वेळा पुढे जात-जात आला असेल, तर त्यावर दुहेरी बाण दिसतो. असा मेसेज मग एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. हा नियम एप्रिल २०२० मध्ये आला, आणि त्यानंतर अशा मेसेजचा प्रसार ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीनं सांगितलं होतं. पण वरचा हिशोब परत बघा. लगाम लागेपर्यंत घोडं गाव ओलांडून गेलेलं असतं. शिवाय कुणी स्क्रीनशॉट काढला, किंवा मजकूर कॉपी करून नव्यानं पाठवला, की बाणाची खूण गायब. मेसेज पुन्हा नवाकोरा!

मग कंपनी मजकूरच का तपासत नाही? कारण व्हॉट्सॲपवरचे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. मधे कुणी वाचू शकत नाही. आपल्या खासगी गोष्टींसाठी ही चांगलीच सोय आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की मधे कुणी संपादक नाही. वर्तमानपत्रात बातमी छापायच्या आधी कुणीतरी विचारतं, ‘हे कुणी सांगितलं?’ इथं तो प्रश्न विचारणारा शेवटचा माणूस म्हणजे तुम्ही. तुमचा अंगठा.

‘अण्णांनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार’

अनोळखी नंबरवरून लिंक आली तर आता बहुतेक जण सावध होतात. पण तोच मेसेज मामानं पाठवला तर? शाळेतल्या सरांनी? सोसायटीच्या चेअरमननी? गावच्या ग्रुपची खरी ताकद इथं आहे, आणि खरा धोकाही इथंच आहे. आपला विश्वास माणसावर असतो, आणि तो आपोआप मेसेजवर जाऊन बसतो.

अण्णा प्रामाणिक आहेत, यात शंका नाही. पण अण्णांनी ते स्वतः बघितलंय का? त्यांना ते त्यांच्या साडूनं पाठवलं, साडूला कामावरच्या मित्रानं, मित्राला कुणीतरी. साखळीतला प्रत्येक माणूस प्रामाणिक असू शकतो, आणि तरीही मेसेज खोटा असू शकतो. कारण प्रत्येकानं समजून घेतलं की आधीच्यानं खात्री केली असेल.

बिबट्या खरा, फोटो खोटा

आता सगळ्यात अवघड भाग. ड्रोनच्या बाबतीत ‘काही नसतं रे’ म्हणून विषय सोडून देता येतो. बिबट्याच्या बाबतीत तसं म्हणताच येत नाही.

शिरूर तालुक्यात बिबट्या आहे. ऊस उंच वाढतो, त्यात लपायला जागा मिळते, पाणी जवळ असतं, कुत्री-शेळ्या मिळतात. मादी उसातच पिल्लं देते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबुत भागात जे घडलं ते आपण विसरू शकत नाही. तीन आठवड्यांच्या आत एक लहान मुलगी, एक वृद्ध आजी आणि १३ वर्षांचा एक मुलगा, असे तीन जीव गेले. लोकांनी संतापून पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेवटी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या बिबट्याला गोळी घालून ठार करण्यात आलं.

आणि त्याच दिवसांत मोबाइलवर काय चाललं होतं? एआयनं बनवलेले बिबट्याचे फोटो. सोसायटीच्या गेटवर बिबट्या, रस्त्याच्या कडेला बिबट्या, जिन्यात बिबट्या. ‘आपल्याच भागातला आहे, काळजी घ्या.’ वनखात्याला असे फोटो खोटे असल्याचे खुलासे करावे लागले. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये लखनौमध्येही एका तरुणानं घराजवळ बिबट्या असल्याचा एआय फोटो गंमत म्हणून टाकला, परिसरात घबराट पसरली, आणि पोलिसांनी त्याला पकडलं.

गंमतच केली, त्यात काय बिघडलं? असं कुणी म्हणेल. बघा काय बिघडतं.

पहिली गोष्ट, वनखात्याची माणसं मोजकी. गाडी मोजकी, पिंजरे मोजके, ट्रॅप कॅमेरे मोजके. खोट्या फोटोमागे पथक एका टोकाला गेलं, की खऱ्या बिबट्याच्या टोकाला तेवढा वेळ कुणी नसतं.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. आठवडाभरात दहा खोटे फोटो आले की अकरावा खरा मेसेज आल्यावर लोक म्हणतात, ‘रोजचंच आहे याचं.’ लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. त्या गोष्टीत खोटं बोलणाऱ्या पोराचंच नुकसान होतं. इथं तसं नाही. फोटो बनवणारा पुण्यात फ्लॅटमध्ये बसलेला असतो, आणि पहाटे उसाला पाणी द्यायला जाणारा माणूस पिंपरखेडमध्ये असतो. खोट्या मेसेजची किंमत तो बनवणारा देत नाही.

राईनपाड्यात काय झालं होतं

अफवा किती लांब जाऊ शकते, यासाठी महाराष्ट्रातलं एक उदाहरण आपल्या पिढीला माहीत असायलाच हवं. त्या वेळी तुमच्यातले बरेच जण शाळेत असतील.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. त्या दिवशी आठवडे बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आणि व्हिडिओ त्या काळात सगळीकडे फिरत होते. मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं उतरले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. जमावाला ती ‘टोळी’ वाटली. पाचही जणांना मारहाण करून ठार करण्यात आलं.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर मुळात पाकिस्तानातल्या कराचीचा होता. मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करण्यासाठी बनवलेली ती छोटी फिल्म. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवरचे लोक मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला आणि उरलेला भाग ‘मुलं पळवतात बघा’ म्हणून फिरवला. म्हणजे व्हिडिओत एआय नव्हतं, खोटं रेकॉर्डिंग नव्हतं. फक्त शेवटचे काही सेकंद नव्हते.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात पाच चॅटची मर्यादा आणण्याची घोषणा केली. म्हणजे आज आपण फॉरवर्ड करताना जो आकडा पाच येतो ना, त्याच्यामागे राईनपाड्यासारख्या घटनांत गेलेले जीव आहेत.

आपल्याकडेही साखर कारखान्यांसाठी ऊसतोड कामगार येतात, मेंढपाळ येतात, कुरकुंभ आणि रांजणगावच्या एमआयडीसीत परराज्यातली मुलं काम करतात, रात्रीच्या पाळीवरून परत येतात. ‘अनोळखी माणसं फिरतायत, दिसली की धरा’ हा मेसेज त्यांच्यावर जाऊन पडतो. ड्रोनच्या त्या रात्रींतही गस्तीवाल्या पोरांच्या हातात काठ्या होत्या, हे विसरू नका.

यवत: एक पोस्ट आणि अख्खं गाव

अफवा हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार म्हणजे भडकवणारी पोस्ट. दौंड तालुक्यातलं यवत, पुणे-सोलापूर महामार्गावरचं गजबजलेलं गाव. गावात आधीच काही दिवस तणाव होता. १ ऑगस्ट २०२५ ला एका तरुणाच्या आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव रस्त्यावर आला. तोडफोड झाली, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधुराच्या नळकांड्या फोडाव्या लागल्या, जमावबंदी लागली.

पोस्ट किती जणांनी लिहिली? एकानं. नुकसान कुणाचं झालं? ज्यांनी ती पोस्ट वाचलीसुद्धा नव्हती, त्यांचं. दुकानं बंद राहिली की रोज विकून रोज खाणाऱ्याचं पहिलं नुकसान होतं.

अशा वेळी आपण एक काम नकळत करतो. ‘बघा, यानं काय लिहिलंय, लाज वाटली पाहिजे’ असं म्हणून त्याच पोस्टचा स्क्रीनशॉट फिरवतो. हेतू निषेधाचा असतो, पण काम प्रसाराचं होतं. दोनशे लोकांनी बघितली असती ती पोस्ट वीस हजार लोकांपर्यंत आपणच नेतो. राग आला असेल तर त्या पोस्टचा पुरावा पोलिसांना द्या, ग्रुपला नको. शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमामध्ये २०१८ ला जे झालं, त्यानंतर दर वर्षी १ जानेवारीच्या आधी पोलीस सोशल मीडियावर बारीक लक्ष ठेवतात, ते याच कारणासाठी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ घबराट किंवा तेढ पसरवणाऱ्या खोट्या माहितीबद्दल आहे, कलम १९६ समाजांमध्ये शत्रुत्व वाढवण्याबद्दल. दोन्हींमध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘मी लिहिलं नाही, फक्त पुढे पाठवलं’ एवढं म्हणून सुटका होईलच असं नाही. आणि स्टेटस २४ तासांनी जातं, गुन्हा जात नाही. ॲडमिन मंडळींसाठी: सदस्यानं काही टाकलं की ॲडमिन आपोआप आरोपी होतो, हे खरं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की ॲडमिनचा त्यात सामील हेतू असेल, तरच तो जबाबदार. पण गरज पडली तर ग्रुपवर काही काळ फक्त ॲडमिननाच लिहिता येईल अशी सोय करणं तुमच्या हातात आहे. ती वापरा.

ज्या निरोपाला आवाज आणि नाव असतं

मग खरा धोका असेल तेव्हा गावाला सांगायचं कसं? याचं एक चांगलं उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे. ग्राम सुरक्षा यंत्रणा. नोंदणी असलेल्या गावातला माणूस १८००२७०३६०० या टोल फ्री नंबरवर फोन करून निरोप सांगतो, आणि तोच निरोप त्याच्याच आवाजात परिसरातल्या लोकांच्या फोनवर वाजतो. चोरी, आग, अपघात, बिबट्या, अशा वेळी.

हा निरोप आणि फॉरवर्ड यात फरक काय? फॉरवर्डला बाप नसतो. या निरोपाला आवाज असतो, नंबर असतो, गाव असतं. खोटं बोललं तर कोण बोललं ते कळतं. म्हणून माणूस विचार करून बोलतो. आणि निरोप जवळच्याच लोकांना जातो, म्हणजे दौंडचा लांडगा शिरूरला ओरडत फिरत नाही. तुमचं गाव यात आहे का, ते ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना एकदा विचारून ठेवा.

हाच नियम आपण आपल्या ग्रुपला लावू शकतो. म्हणून आता कामाच्या गोष्टी.

एक, मेसेज आला की तीन प्रश्न: कुठं, कधी, कुणी बघितलं? तिन्हींची उत्तरं मेसेजमध्ये नसतील तर तो पुढे पाठवायचा नाही.

दोन, गावाचं नाव बदलून वाचा. ‘रांजणगाव’च्या जागी ‘केडगाव’ घाला. तरीही मेसेज तसाच खरा वाटत असेल, तर तो कुठल्याही गावासाठी बनवलेला आहे.

तीन, फोटो असेल तर गुगल लेन्सनं शोधा. जुना किंवा दुसऱ्या राज्यातला असेल तर बऱ्याचदा तिथंच सापडतो. एआय फोटोत बोटं मोजायची, पट्टे बघायचे, हे उपाय आता फार भरवशाचे राहिलेले नाहीत. त्यापेक्षा त्या वस्तीवरच्या एका ओळखीच्या माणसाला फोन करा. एका मिनिटाचं काम आहे.

चार, बिबट्या खरंच दिसला तर आधी वनखात्याला १९२६ वर कळवा. तातडीचं संकट असेल तर ११२. मग ग्रुपवर असं लिहा: ‘आज संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटं, अमुक वस्तीजवळचा ओढा. मी स्वतः बघितला. १९२६ ला कळवलंय.’ खाली तुमचं नाव. आणि व्हिडिओ काढायला तिकडे गर्दी करू नका. गर्दीनं बिथरलेला बिबट्या जास्त धोकादायक असतो.

पाच, धोका संपला की तेही लिहा. तारीख नसलेला मेसेज पुढच्या वर्षी पुन्हा जिवंत होतो.

सहा, घरातल्या मोठ्या माणसानं चुकीचं काही पाठवलं तर ग्रुपवर सगळ्यांसमोर त्यांना पाडू नका. वेगळा मेसेज करा: ‘काका, मी चौकशी केली, हे आपल्याकडचं नाही. तुम्हीच ग्रुपवर सांगता का?’ काकांनी सांगितलं की लोक ऐकतात, आणि काकांचा मानही राहतो.

पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करायचा, हे मागेही सांगितलंय, पुन्हा सांगतो.

गावचा ग्रुप सोडून द्या, असं मी अजिबात म्हणणार नाही. रक्त हवं असतं तेव्हा तोच ग्रुप कामाला येतो, हरवलेलं जनावर तिथंच सापडतं, पुराचं पाणी वाढतंय हे तिथंच पहिल्यांदा कळतं. म्हणूनच त्यावरचा शब्द खरा राहायला हवा. पिंपरखेडच्या एखाद्या आईनं रात्री नऊ वाजता ‘बिबट्या घराजवळ आलाय’ असं लिहिलं, तर ते वाचून शेजारचे चार जण दिवे घेऊन धावले पाहिजेत. ‘फेक असेल’ म्हणून कुणी फोन उलटा ठेवता कामा नये.

तुमच्या गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे का, आणि ती शेवटची कधी वापरली, ते आम्हाला नक्की कळवा. आणि हो, हा भाग पुढे पाठवायचा असेल तर खुशाल पाठवा. फक्त आधी पूर्ण वाचा किंवा ऐका! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.